शहर-ए-सोख्ताचा पेला आणि बोकडाच्या पाच उड्या

वाटाड्या

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकतो.

काही वर्षांपूर्वी दुबईत नोकरीला असताना चार दिवस तेहरानला गेलो होतो. त्यातले जवळजवळ तीन दिवस राष्ट्रीय संग्रहालयातच गेले. लाल विटांची इमारत, दाराशी ससानी राजवाड्याची आठवण करून देणारी मोठी कमान. आत पर्सेपोलिस या प्राचीन इराणी राजधानीचे दगड आहेत, ईजिप्तमध्ये घडवलेला आणि सूसा या जुन्या शहरात सापडलेला सम्राट दारियसचा शीर नसलेला पुतळा आहे. ते सगळं बघितलं, भारावलोही. पण पाय खिळले ते एका पेल्यापाशी. उंची १० सेंटीमीटर, म्हणजे आपल्या घरातल्या फुलपात्राएवढी. पिवळट माती, तपकिरी रंगाच्या रेघा. पेल्याभोवती एक बोकड आणि एक झाड पाच वेळा काढलेलं. एका चित्रात बोकड झाडाकडे येतो, मग झेप घेतो, मग पाल्याला तोंड घालतो. पेला हातात धरून फिरवला तर बोकड उडी मारेल!

हा पेला शहर-ए-सोख्ताचा, म्हणजे 'जळालेल्या शहरा'चा. इराणच्या सीस्तान-बलुचिस्तान प्रांतात, झाबोलजवळ, हेलमंद नदीच्या जुन्या मुखाशी. साधारण इ.स.पू. ३२०० ते १८०० या काळात तिथे वस्ती होती, सुमारे १५० हेक्टरांवर पसरलेली. १९६७ पासून मौरित्सियो तोसी यांच्या इटालियन चमूने तिथे दहाएक वर्षं खोदकाम केलं, १९९७ पासून मन्सूर सज्जादी यांच्या इराणी चमूने. पेला इटालियनांना एका थडग्यात मिळाला होता. पण ही पाच चित्रं एकाच उडीची आहेत हे पुढे सज्जादींच्या लक्षात आलं.

माझं मत असं की त्या कुंभाराला हालचालच दाखवायची होती. योगायोगाने पाच पवित्रे असे क्रमाने येत नाहीत. तुम्हाला काय वाटतं? आणि प्राचीन इराणमधल्या वस्त्यांतली कोणती वस्तू तुमच्या मनात घर करून आहे, तेही सांगा. राजवाडे नकोत, वस्त्या. माणसं जिथे राहिली, जेवली, आजारी पडली त्या जागा.

निळावंती

काय सुंदर विषय! वाचतेय. बोकडाला फुलपात्रावर बसवणाऱ्या त्या अनाम हाताला नमस्कार.

शंकेखोर

धागा छान आहे, पण मला पटलेलं नाही. भांड्याभोवती एकच नक्षी पुन्हा पुन्हा काढणं ही जगातल्या कुंभारांची सर्वांत जुनी सवय. सूसाचे इ.स.पू. ४००० च्या आसपासचे पेले बघा. त्यातला सर्वांत प्रसिद्ध पेला लूव्र संग्रहालयात आहे. त्यावरही रानबोकडच आहे, शिंगं एवढी मोठी की त्यांचं पूर्ण वर्तुळ झालंय. वर लांबलचक कुत्रे, त्याच्याही वर उंच मानेच्या पक्ष्यांची रांग. त्याला कोणी चलचित्र म्हणत नाही. चलचित्र आपल्या डोळ्यांत आहे, कारण आपण पडद्यावर वाढलो.

आणखी एक. हे झाड म्हणजे 'असीरियन जीवनवृक्ष' असंही बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आढळतं. असीरियाचं राज्य उभं राहण्याच्या हजारेक वर्षं आधीचा हा पेला! लोक एकमेकांचं वाचून लिहितात.

वाटाड्या

@शंकेखोर, जीवनवृक्षाबद्दल शंभर टक्के सहमत. पण सूसाच्या पेल्याशी तुलना केलीत तिथेच माझा मुद्दा आहे. तिथले बोकड सगळे एकाच पवित्र्यात उभे आहेत, साच्यातून काढल्यासारखे. इथे प्रत्येक वेळी पाय वेगळे, मान वेगळी. नक्षीच करायची असती तर एवढा खटाटोप कशाला?

कोरडवाहू

आमचं घर धनगराचं, माण तालुक्यातलं. बोकड बाभळीला दोन पाय लावून कसा उभा राहतो ते लहानपणापासून बघतोय. वरचा कोवळा पाला दिसला की आधी मान वर करतो, मग पुढचे पाय खोडावर टेकतो, नाहीच पुरलं तर उडी मारतो. शेळ्या असं करतात, मेंढ्या करत नाहीत. मेंढी खाली मान घालून चरणार. पेला काढणाऱ्यानं शेळ्या राखल्या असणार, किंवा राखणाऱ्याजवळ बसला असणार. चलचित्र आहे का नाही ते तुम्ही ठरवा, पण बघून काढलेलं आहे एवढं मी छातीठोक सांगतो.

दगडफूल

कोरडवाहू भाऊ, तुम्ही शेळ्यांचा विषय काढलात म्हणून लिहिते. माझा अभ्यासाचा विषयच हा आहे, प्राण्यांची हाडं.

शेळी माणसाळली त्याचे सर्वांत जुने भक्कम पुरावे इराणमध्येच आहेत. झाग्रोस डोंगरात, केरमानशाहकडे, हरसीनजवळ गंज दरेह म्हणून एक लहानसं टेकाड आहे. फिलिप स्मिथ यांनी १९६५ ते ७४ मध्ये ते खणलं. वस्ती साधारण दहा हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या शेळ्यांची हाडं दिसायला रानटी शेळ्यांसारखीच, म्हणून बराच काळ वाद होता की ही शिकार की पाळीव? २००० साली मेलिंडा झेडर यांनी हाडांवरून नर-मादी आणि वय वेगळं काढलं. नर बहुतेक सगळे कोवळ्या वयात मारलेले, माद्या मोठ्या होऊन, पिल्लं देऊन मग मेलेल्या. शिकारी असं करत नाही. शिकारी मोठा, मांसल नर बघून बाण सोडतो.

आणि मला जे फार आवडतं ते हे: तिथल्या मातीच्या विटांवर शेळ्यांच्या खुरांचे ठसे आहेत. विटा वाळत घातल्या होत्या, त्यावरून शेळ्या चालत गेल्या.

कोरडवाहू

ताई, अंगावर काटा आला. आम्ही आजही तेच करतो. बोकड आषाढाच्या बाजाराला, नाहीतर यात्रेला. पाटी, म्हणजे तरण्या शेळ्या, कोणी विकत नाही, घरात अडचण असल्याशिवाय. एखादा बिजवाईचा बोकड ठेवायचा, बाकी सगळे विकायचे. माझ्या आजोबांना हे कोणी शिकवलं नव्हतं, त्यांच्या आजोबांना पण नाही. आणि ओल्या विटांवरून शेळी गेली म्हणून वीटभट्टीवाल्याशी झालेलं भांडण तर मी स्वतः बघितलंय.

निळावंती

दहा हजार वर्षं तेच भांडण!

सुधाताई_सातारा

वाटाड्या, तुम्ही शहर-ए-सोख्ताचा विषय काढलात आणि डोळ्याबद्दल लिहिलं नाहीत, म्हणून मी लिहिते. जरा लांबेल.

मी बावीस वर्षं कृत्रिम डोळे बसवण्याचं काम केलं. २००६ साली शहर-ए-सोख्ताच्या दफनभूमीत एका तरुण बाईचा सांगाडा सापडला. वय २५ ते ३० च्या मधलं, उंची जवळजवळ सहा फूट. डाव्या डोळ्याच्या खोबणीत एक अर्धगोल होता, अडीच सेंटीमीटरहून किंचित मोठा. डांबरासारख्या द्रव्याच्या लगद्यात बनवलेला, वरून सोन्याचा पातळ थर, मध्ये बुबुळाचं वर्तुळ आणि त्यातून सूर्यकिरणांसारख्या निघणाऱ्या बारीक रेघा. दोन्ही कडांना भोकं, त्यातून दोरा ओवून डोळा जागेवर धरायचा. ही सुमारे ४८०० वर्षांपूर्वीची गोष्ट.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, मेल्यानंतर घातला असेल, दागिन्यासारखा. पण खोबणीच्या हाडावर त्या दोऱ्याच्या घासण्याच्या खुणा आहेत. पापणीच्या आत गळूही झालं असावं असं तपासणाऱ्यांचं म्हणणं आहे. म्हणजे तिने तो जिवंतपणी वापरला, रोज. माझ्याकडे येणाऱ्या लोकांना पहिले काही महिने हाच त्रास व्हायचा: पापणी घासते, पाणी येतं, पू होतो. मग आम्ही कडा घासून गुळगुळीत करून द्यायचो. तिला कोणी करून दिल्या असतील का, हे माझ्या मनात नेहमी येतं.

कृत्रिम डोळ्याने दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी माणूस तो मागतो. गावात, बाजारात, लग्नात समोरच्याने आपल्याकडे बघताना नजर वळवू नये म्हणून. त्या बाईला ते हवं होतं, आणि तिच्या गावात ते करून देणारा कारागीर होता. बुबुळाच्या रेघा कोरायला त्याने किती वेळ घालवला असेल! नुसता गोळा बसवला असता तरी खोबण भरली असती.

वाटाड्या

ताई, या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. मी ते फक्त 'जगातला सर्वांत जुना कृत्रिम डोळा' म्हणून वाचलं होतं. घासण्याच्या खुणांचा अर्थ आज कळला.

रानपाखरू

सुधाताई __/\__

त्याच शहरात १३ वर्षांच्या एका मुलीची कवटीही मिळाली आहे. डोक्यात पाणी साठण्याचा आजार होता, कवटीचा तुकडा कापून काढलेला. हाडाच्या कडा भरून येऊ लागल्या होत्या, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर ती काही काळ जगली. तेरा वर्षांच्या पोरीचं डोकं उघडायला आईबापाने होकार कसा दिला असेल...

पट_सोंगटी

मी नेहमी वाचनमात्र असतो, पण खेळाचं नाव काढलं नाही कोणी म्हणून आलो. शहर-ए-सोख्ताच्या ७३१ नंबरच्या थडग्यात एक पट मिळाला आहे. लाकडी. त्यावर वेटोळं घातलेला साप कोरलाय आणि सापाच्या अंगावर २० घरं. सोबत सोंगट्या आणि फासे. मेसोपोटेमियात ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत जो पट मिळाला त्यालाही २० च घरं. म्हणजे खेळ त्या वाटेने फिरत होता.

आमच्याकडे नागपंचमीला बायका सारीपाट मांडायच्या, आजीचा पट कापडी होता. कोणाबरोबर पट पुरावा असं सुचलं म्हणजे त्या माणसाला खेळाचं वेड असणारच. दान चांगलं पडो त्याला तिथे.

शंकेखोर

धागा बोकडावरून सापावर गेला, पण मजा येतेय. एक प्रश्न सगळ्यांना: या शहरात तटबंदी नाही, शस्त्रंही जवळपास नाहीत, असं सारखं वाचायला मिळतं. त्यावरून 'शांतताप्रिय शहर' म्हणतात. मग जळालं कसं?

दगडफूल

नाव जळालेल्या थरांवरून पडलंय, पण आग लागली म्हणजे युद्धच झालं असं नाही. चुली, भट्ट्या, कुडाची छपरं, आणि सीस्तानात तर उन्हाळ्यात चार-चार महिने वारा थांबत नाही. तिथले लोक त्याला 'एकशेवीस दिवसांचा वारा'च म्हणतात. एक ठिणगी पुरे. आणि वस्ती उठली त्याचं मुख्य कारण पाणी मानतात. हेलमंदने पात्र बदललं. नदी गेली की शहर किती दिवस राहणार?

तिथे कापड, दोऱ्या, टोपल्या, लाकूड टिकलं ते खारट कोरड्या मातीमुळे. इतरत्र अशा वस्तू कुजून जातात आणि मग आपण फक्त खापरांवर बोलत बसतो. शिवाय तिथे लाजवर्दाचे, म्हणजे एका गडद निळ्या दगडाचे, कारखाने होते. दगड बदख्शानहून यायचा, इथे गारगोटीच्या सुयांनी भोकं पाडून, कचरा वेगळा करून पश्चिमेकडे जायचा. शहर गरीब नव्हतं.

गोदाकाठ

मी नेवाशाजवळचा. इराणी गावांच्या नावांत 'तेपे' हा शब्द सारखा येतो: तेपे सियाल्क, तेपे याह्या, तेपे हिस्सार. तेपे म्हणजे टेकाड. एकाच जागी मातीची घरं बांधायची, पडली की त्यावरच पुन्हा बांधायची, असं हजारो वर्षं चाललं की जमीन वर येते. आपल्याकडे यालाच पांढरी म्हणतात. शेत ती काळी, वस्ती ती पांढरी. राख, शेण, भिंतींची माती, चुन्याचे कण यांनी जमीन पांढरट होते. आमच्या गावची पांढरी शेताला खत म्हणून खणून नेली लोकांनी, बैलगाड्या भरभरून. खापरं, मणी सगळं शेतात गेलं.

आणि इथे महाराष्ट्राचा एक खरा दुवा आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया सर. त्यांनी महेश्वरसमोरच्या नावडातोलीला आणि आमच्या नेवाशाला उत्खनन केलं. नावडातोलीत लांब उघड्या पन्हाळीच्या तोटीचे वाडगे निघाले. तसेच वाडगे काशानजवळच्या सियाल्कमध्ये रोमान गिर्शमान यांना १९३० च्या दशकात मिळाले होते. सांकलियांनी दोन्ही शेजारी ठेवून पश्चिम आशियाशी संबंध असावा असं मांडलं. आमच्या वडिलांनी नेवाशाच्या खोदकामावर रोजंदारीने काम केलं होतं. सर हातात खापर घेऊन 'हे बघा, तोटी बघा' असं मजुरांनाही दाखवायचे, असं ते सांगायचे.

शंकेखोर

म्हणजे आपली जोर्वे भांडी, दख्खनच्या ताम्रपाषाणयुगातली, इराणहून आली म्हणायची? हे जरा जास्त होतंय.

गोदाकाठ

मी तसं म्हटलं नाही. सरांनी संबंध असावा म्हटलं, तेही नावडातोलीबद्दल.

दगडफूल

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. सांकलियांच्या काळात एक आकार दोन ठिकाणी दिसला की लोक कुठून कुठे गेले हे विचारणं ही रीतच होती. पुढच्या पिढीने पिकं, घरं, दफनाची पद्धत, कार्बन तारखा सगळं एकत्र पाहिलं आणि दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्या इथल्याच मातीत वाढल्या असं बहुतेकांचं मत झालं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या तशा वस्तीत मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरायचे. असा सगळा संसार तोटीच्या एका वाडग्याबरोबर आयात होत नाही.

पण सांकलियांनी प्रश्न विचारला म्हणून तर पुढच्यांनी शोधलं. पुण्यात बसून सियाल्कची खापरं डोळ्यांसमोर आणणारा माणूस होता तो.

हिशेबनीस

मी आयुष्यभर कारखान्यात पगारपत्रकं केली. वाटाड्यांनी राजवाडे नकोत म्हटलंय, तरी मला पर्सेपोलिसला जायचंय, पण मागच्या दाराने.

१९३३ साली एर्न्स्ट हर्त्सफेल्ड यांच्या चमूला तिथल्या तटबंदीत मातीच्या पाट्यांचा ढीग सापडला. हजारोंनी, अखंड आणि तुकडे मिळून. बहुतेक एलामी भाषेत, तळहातात मावतील एवढ्या. राजाची स्तुती त्यात नावालाही नाही. सगळी पगारपत्रकं आणि शिधापत्रकं! इ.स.पू. ५०९ ते ४९३ मधली. अमुक गावच्या इतक्या मजुरांना इतकं धान्य, तमुक प्रवाशाला वाटेत इतकं पीठ, इतकी दारू. प्रवाशांत 'हिंदुश'हून, म्हणजे सिंधूच्या खोऱ्यातून, येणारे-जाणारे लोकही आहेत. वाटेवरच्या ठाण्यावर मुद्रा दाखवायची, शिधा घ्यायचा, नोंद करायची. हीच नोंद मुख्य कचेरीत जाऊन खात्याला लागायची. मी वाचताना अक्षरशः ताळा जुळवत होतो.

बायकांच्या टोळ्या आहेत, त्यांच्यावर बाईच मुकादम, आणि तिचा शिधा टोळीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त. बाळंत झालेल्या मजूर बायकांना जादा शिधा मिळायचा, त्याच्या वेगळ्या पाट्या आहेत.

निळावंती

बाळंतिणीला जादा शिधा? अडीच हजार वर्षांपूर्वी? किती छान!

हिशेबनीस

हो. पण पुढचं ऐका. मुलगा झाला तर मुलगी झालेलीच्या दुप्पट.

निळावंती

घ्या. आनंद एका ओळीपुरताच टिकला. मुलगी झाली म्हणून बाळंतीण अर्धीच दमते का?

सुधाताई_सातारा

निळावंती, माझ्या पहिल्या बाळंतपणात पेढे आणि जिलबी यातला फरक मी भोगलाय. वाचून वाईट वाटलं, आश्चर्य नाही वाटलं.

रानपाखरू

हिशेबनीस काका, या पाट्या १९३६ मध्ये अभ्यासासाठी उसन्या म्हणून शिकागोला गेल्या होत्या ना? नंतर अमेरिकेत खटला झाला. बॉम्बस्फोटातल्या पीडितांना इराणकडून भरपाई येणं होतं, ती या पाट्या जप्त करून वसूल करावी अशी मागणी होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, आणि २०१९ मध्ये १,७८३ पाट्या इराणला परत गेल्या. पीडितांचं दुःख खरं आहे, पण त्यासाठी शिधापत्रकांचा लिलाव झाला असता तर ती गठ्ठ्यातून सुटून जगभर विखुरली असती. एकटी पाटी काहीच सांगत नाही.

हिशेबनीस

अगदी. खातेवहीचं एक पान फाडून भिंतीवर लावलं तर त्याचा काय उपयोग!

यझदी_चहा

नमस्कार. माझे आजोबा यझदहून आले, मी पुण्यात कॅम्पात वाढलो, मराठी शाळेत शिकलो. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, मुंबईकरांनी तेहरानपर्यंत जायची गरज नाही. फोर्टात काही अग्यारींच्या दाराशी माणसाचं तोंड आणि पंख असलेले बैल आहेत. पर्सेपोलिसच्या दरवाजावर असतात तसेच. आत आम्हा जरथुष्ट्र्यांनाच जाता येतं, पण दार रस्त्यावरून कोणालाही दिसतं. पर्सेपोलिसची आणि बेहिस्तुनच्या कड्यावर कोरलेल्या दारियसच्या लेखाची पुस्तकं युरोपातून मुंबईत आली तेव्हा इथल्या पारशांना आपले पूर्वज पहिल्यांदा चित्रांत दिसले, आणि त्यांनी ते दगडात उतरवून घेतले. २०१३-१४ च्या हिवाळ्यात प्राचीन इराणचा सम्राट सायरस याचा मातीचा लेख मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आला होता. मी आईला चाकाच्या खुर्चीतून घेऊन गेलो होतो. काचेसमोर ती बराच वेळ प्रार्थना पुटपुटत होती.

दुसरी गोष्ट लाकडाची. सूसाला दारियसने राजवाडा बांधला, त्याचा लेख मिळालाय. कुठून काय आणलं याची यादीच आहे: देवदार लेबनॉनमधून, हस्तिदंत इथिओपिया आणि हिंदुशमधून, आणि 'यका' नावाचं लाकूड गांधार आणि केरमानमधून. यका म्हणजे काय यावर विद्वान बराच काळ अडले होते. शेवटी लक्षात आलं की केरमानच्या दक्षिणेला, जिरोफ्तकडे, शिसमच्या झाडाला लोक आजही 'जग' म्हणतात. शब्द गावातच जिवंत होता, फक्त विचारायला कोणी गेलं नव्हतं.

कोरडवाहू

शेवटचं वाक्य लाखमोलाचं.

घाटवाट

थोडं अवांतर. बेहिस्तुनचा उल्लेख आलाच आहे तर: तो लेख कड्यावर चढून उतरवून घेणारा हेन्री रॉलिन्सन १८२७ मध्ये आपल्या मुंबईतच उतरला होता, कंपनीच्या मुंबई फलटणीत. इराणला जाण्याआधी त्याने पैजेवर पुणे ते पनवेल घोडदौड केली होती. ७२ मैल, सव्वातीन तासांच्या आत, वाटेत घोडे बदलत, बोरघाट उतरून. पुढे बेहिस्तुनला सर्वांत अवघड भाग त्यालाही जमेना, तेव्हा एका कुर्द पोराने कपारीत खुंट्या ठोकून, दोरावर लोंबकळून त्या अक्षरांचे कागदी ठसे घेतले. त्या पोराचं नाव मात्र नोंदलेलं नाही.

गणपतीत पनवेलला जायला यापेक्षा जास्त वेळ लागतो हे सांगायला नकोच.

शंकेखोर

घाटवाट :-)

जिरोफ्तचा उल्लेख झाला. तिथे फार मोठी संस्कृती सापडली, मेसोपोटेमियापेक्षा जुनी, असं ऐकून आहे. त्यात किती तथ्य?

दगडफूल

मोठी आहे यात वाद नाही. २००१ मध्ये हलिल नदीला पूर आला आणि किनाऱ्यातून थडगी उघडी पडली. आधी दुष्काळाची वर्षं गेली होती, लोक गांजलेले होते. घराघराने जमिनीचे तुकडे वाटून घेऊन थडगी उकरली. हिरवट मऊ दगडाची, साप, विंचू, बिबटे कोरलेली भांडी परदेशी बाजारात जाऊ लागली तेव्हा जगाला कळलं. २००३ पासून युसूफ मजीदजादे यांनी कोनार संदलला रीतसर उत्खनन केलं. ही सुमेरी काव्यातली अरत्ता नगरी असं त्यांनी मांडलं, ते अनेकांना मान्य नाही. कारण बहुतेक भांडी कुठल्या थडग्यातून, कुठल्या हाडांशेजारून आली हेच हरवलंय. तिथल्या गावकऱ्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. पण प्रत्येक भांड्याबरोबर एका माणसाचं वय, आजार, जेवण सगळं गेलं, हेही खरं.

रानपाखरू

तेहरानच्या त्याच संग्रहालयातला मिठातला माणूस राहिला. झंजानजवळ चेहराबादच्या मिठाच्या खाणीत १९९३ मध्ये कामगारांना सापडला. लांब पांढरे केस, दाढी, कानात सोन्याची बाळी, चामडी बुटात पाय. साधारण १७०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळ एक अक्रोड होता. नंतर आणखी माणसं निघाली. त्यातला एक १५-१६ वर्षांचा पोरगा, अडीचेक हजार वर्षांपूर्वी खाण कोसळून मेला, पडला तसाच राहिला. वाटाड्या, तुम्ही पाहिलात का तो पहिला?

वाटाड्या

पाहिला. काच लहान आहे, लोक पटकन पुढे सरकतात. मी फार वेळ थांबू शकलो नाही. अक्रोडाचं मात्र माहीत नव्हतं.

मातीवाला

उशिरा आलो, चार दिवस भट्टी लावलेली होती. मी कुंभार. चाकावर बसतो आणि मुलांना शिकवतोही. मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण वाचता वाचता राहवलं नाही आणि करून बघितलं.

फोटो बघून तेवढाच पेला केला, १० सेंटीमीटर उंचीचा. वाळल्यावर काव घेऊन पाच बोकड, पाच झाडं काढली. पहिली अडचण लगेच कळली. गोल भांड्यावर पाच चित्रं सारख्या अंतरावर बसवायची तर आधी ठरवून खुणा कराव्या लागतात. सहज काढत गेलं तर शेवटचं चित्र चेंगरतं. माझी तीन भांडी फुकट गेली. म्हणजे त्या माणसाने आधी मोजलंय.

मग चाकावर ठेवून फिरवला. नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नाही. तपकिरी पट्टा दिसतो, बस. शंकेखोर, इथे तुमचं बरोबर. पोराने मोबाईलवर चित्रण केलं, चाकाचा वेग कमीजास्त करत गेलो, एका वेगाला पडद्यावर बोकड टुणकन उडी मारायला लागला. वर्कशॉपमधली सगळी मुलं ओरडली! पण ती कॅमेऱ्याची करामत. तो एकेक क्षण वेगळा उचलतो, आपला डोळा उचलत नाही.

मग चहा ओतला. पेला हातात धरून पीत पीत बोटांनी हळूहळू फिरवला, रिकामा वेळ असताना आपण कोणताही कप फिरवतो तसा. एका वेळी डोळ्यांसमोर एक चित्र पुरतं आणि पुढच्याचा थोडा भाग दिसतो. बोकडाचे पुढचे पाय उचललेले दिसले की पुढे काय होतं ते बघायला बोट आपोआप पेला वळवतं. पाला तोंडात आला की थांबतं. मला तरी तसं झालं, आणि बायकोला काही न सांगता पेला दिला तर तिनेही तसंच फिरवला.

शंकेखोर

मातीवाला, हे मान्य. चलचित्र नाही, पण नक्षीही नाही. माझा 'सवयीची नक्षी' हा शब्द मागे घेतो.

वाटाड्या

आणि मी 'चलचित्र' मागे घेतो. चित्रांचा क्रम ठरवून केलाय एवढंच म्हणतो. मातीवाला, तुमच्या पेल्याचा फोटो टाका ना. आणि एक विचारायचं राहिलं: पेला डावीकडे फिरवलात की उजवीकडे? उलटा फिरवला तर बोकड पाला परत झाडाला लावतो.

मातीवाला

फोटो उद्या टाकतो, उजेडात काढून. मी उजव्या हाताने धरतो, अंगठ्याने पेला डावीकडे सरकला आणि क्रम बरोबर आला. पण माझी एक विद्यार्थिनी डावखुरी आहे. तिच्या हातात बोकड आधी पाला खाऊन मग मागे मागे चालत गेला. खळखळून हसली ती.

कोरडवाहू

मातीवाला, एक पेला मलाही करा, पैसे सांगा. आजीला दाखवायचाय. ती सांगेल बोकड होता का पाट.